सहा पांढरे दाणे

१२ सप्टेंबर

धाकटे,

आज सकाळी मी एक सडकी नासपती कचऱ्यात टाकली आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

सडकी म्हणजे आज सडकी. मागच्या सोमवारी ती चांगली पिवळीधमक होती. जेवण झाल्यावर ताटलीत एकटी उरली. बागवालीने (ही नावं मी मनातल्या मनात ठेवलेली) ती माझ्याकडे सरकवली. मी भट्टीवालीकडे सरकवली. भट्टीवालीने मान हलवून ती सूरवालीकडे दिली, तिने थोरलीकडे, थोरलीने माफीबाईकडे, आणि माफीबाईने ती जणू स्वतःच चोरली होती अशा चेहऱ्याने पुन्हा बागवालीकडे. जेवताना आमच्या मठात मौन असतं, त्यामुळे "मला नको, तू घे" एवढंही कोणी म्हणत नाही. नुसतं सरकवायचं आणि गोड हसायचं. आठवडाभर रोज दोन्ही जेवणांना हे चाललं. सहाच्या सहा जणींना नासपती आवडते, हे मला पक्कं माहीत आहे. शेवटी ती माश्यांनी खाल्ली.

इतक्या वर्षांनी ताईचं पत्र आलं आणि त्यात काय तर नासपती, असं तू म्हणशील. म्हण. मला कोणाला तरी सांगायचं होतं आणि इथे ज्यांना सांगता येईल त्याच तर त्या आहेत. पूर्वी आमची पत्रं पाकीट बंद करायच्या आधी मठाची वरिष्ठ वाचायची. आता वरिष्ठ मीच. तेव्हा हे पत्र मी लिहिलं, मीच वाचलं, आणि मला त्यात काही गैर आढळलं नाही.

खरं कारण वेगळं आहे. बिशपांच्या सचिवांनी विचारणा केली आहे. तरुण फादर आहेत, फार गोड बोलतात, त्यामुळे जास्तच राग येतो. चाळीस जणींसाठी बांधलेल्या घरात आम्ही सहा जणी राहतो, मागच्या बाजूचं छप्पर गळतं, आणि नवीन कोणी येत नाही. तेव्हा मठ चालू ठेवायचा, की बंद करून आम्ही दुसऱ्या मठांत विखरून जायचं, हे आमचं आम्ही ठरवावं आणि कळवावं. चालू ठेवायचा असेल तर मागची बाजू कुलूपबंद करून पुढच्या खोल्यांत राहावं लागेल, बाकीचं ते बघतील. सक्ती काही नाही. सक्ती केली असती तर बरं झालं असतं.

मठ बंद झालाच तर दुसरीकडे सोय होईपर्यंत मला काही दिवस तुझ्याकडे राहता येईल का? तुझी ती मागची छोटी खोली असली तरी चालेल. ती रिकामी नसेल तर बाहेरच्या खोलीत कुठेही. तुला अडचण होणार असेल तर मुळीच नको. मी आपलं विचारून ठेवलं.

ताई


२१ सप्टेंबर

धाकटे,

तुझं उत्तर मिळालं. दोन ओळी. "कुठेच जागा नाही म्हणून येणार असशील तर येऊ नकोस. यायचंय म्हणून येणार असशील तर ये."

हे काय उत्तर झालं? मी साधा प्रश्न विचारला होता, खोली आहे की नाही. आहे म्हण किंवा नाही म्हण. तू लहानपणीही अशीच होतीस. कंगवा मागितला की आधी "माग नीट" म्हणायचीस आणि मग मी नीट मागितला की द्यायची नाहीस. मठ बंद होणार की नाही हे माझ्या हातात नाही, आणि बंद झाला तर मी येईन ती जागा नाही म्हणूनच येईन, दुसरं काय कारण असणार? तुला काय ऐकायचंय तेच मला कळत नाही.

किंवा कळतं. तू अजून त्या घंटेवरच अडली आहेस. तुझा नवरा गेल्यावर तू आलीस, भेटीच्या खोलीत जाळीच्या पलीकडे बसलीस, तू बोलत होतीस, घंटा झाली आणि मी उठले. घंटा झाली की हातातलं काम तिथेच टाकून प्रार्थनेला जायचं, लिहिताना अक्षर अर्धं राहिलं तरी राहू द्यायचं, हा इथला नियम आहे. तो मी केलेला नाही. त्यानंतर तू कधी आली नाहीस आणि त्या दिवशी जाताना जे बोललीस ते मला अजून

आता दुपार झाली. मध्ये घंटा झाली होती. कुठे होते मी? असू दे.

मतदानाचं सांगते. आमच्याकडे मोठा प्रश्न आला की हात वर करत नाहीत. सभेच्या खोलीत टेबलावर दोन वाट्या ठेवतात, एकीत पांढऱ्या घेवड्याचे दाणे, दुसरीत काळ्या. शेजारी भोक पाडलेली लाकडी पेटी. एकेकीने उठायचं, बाकीच्यांकडे पाठ करायची, दोन्ही वाट्यांत हात घालायचा म्हणजे आवाजावरून कोणाला काही कळत नाही, आणि एक दाणा पेटीत टाकायचा. पांढरा म्हणजे हो, काळा म्हणजे नाही. कोणी काय टाकलं हे मरेपर्यंत कोणी कोणाला विचारायचं नाही. आणि आधीचे तीन दिवस त्या विषयावर चकार शब्द काढायचा नाही, कोणाचं मन कोणी वळवू नये म्हणून.

हा शेवटचा नियम ज्या साध्वीने केला तिला माझे कोटी प्रणाम. सध्या घरात असं चाललं आहे की सूरवाली स्तोत्राला इतक्या वरच्या पट्टीत सुरुवात करते की दुसऱ्या ओळीला आम्ही पाचही जणी गप्प होतो, आणि कोणी तिला सांगत नाही. बागवाली कोबीशी बोलते, कारण कोबीला मौनाचा नियम लागू नाही. माफीबाई रोज सकाळी माझ्या दारावर टकटक करते, मी दार उघडलं की "माफ करा मदर, तुम्ही कामात असाल" म्हणून निघून जाते. ती आमच्यात सगळ्यांत लहान, पन्नाशीच्या आतली. आणि भट्टीवालीची पाठ गेलेली आहे. चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत वाटायच्या कागदासारख्या पातळ भाकऱ्या आम्ही करतो हे तुला माहीत आहे. दोन तापल्या लोखंडी पत्र्यांमध्ये पीठ ओतायचं, वरचा पत्रा दाबायचा, निघालेले तक्ते दमट खोलीत ठेवायचे म्हणजे कापताना तडकत नाहीत. तो वरचा पत्रा दाबताना ती ओठ चावते. मी मदतीला गेले तर म्हणते, "मला काही झालेलं नाही." मग कण्हतं कोण, पत्रा?

रविवारी दाणे टाकायचे आहेत. कळवीन.

ताई


२९ सप्टेंबर

धाकटे,

प्रश्न होता, मठ बंद करावा का. पेटी मी उघडली. सहा पांढरे.

मी ते दोनदा मोजले, जणू सहा दाण्यांत चूक होणार होती. मग मान वर करून सांगितलं, "सगळे पांढरे." सगळ्या हसल्या. तेच ते हसू, नासपती सरकवतानाचं. जेवायला बसलो तर एकीनेही धड घास घेतला नाही आणि भांडी जशीच्या तशी परत गेली.

मला किती राग आला म्हणून सांगू. या बायकांसोबत मी अडतीस वर्षं काढली. थोरलीला मी रोज पायांना तेल लावते, तिच्या बहिऱ्या कानाशी ओरडून ओरडून माझा घसा बसला आहे. भट्टीवालीची ओरड न करता होणारी ओरड मी ऐकते. आणि त्यांना सगळ्यांना जायचंय! एकीलाही वाटू नये की हे घर आपलं आहे? एक, एक तरी काळा दाणा पडायला हवा होता की नाही?

आता तू विचारशील, तुझा कोणता होता. विचारायचं नाही असा नियम आहे, पण तू आमच्यातली नाहीस, तेव्हा सांगते. माझाही पांढराच. पण माझी गोष्ट वेगळी. थोरली नव्वदीला टेकली आहे, तिला चोवीस तास बघणारं कोणी हवं. भट्टीवालीला ते पत्रे सोडायला हवेत, आणि इथे आहे तोवर ती सोडणार नाही. माफीबाईला अजून निम्मं आयुष्य काढायचंय, तिने ते पाच म्हाताऱ्यांची माफी मागण्यात का घालवावं? मी त्यांचा विचार करून टाकला. त्यांनी मात्र आपापला टाकला.

सचिवांना फोन केला. ते म्हणाले, "मदर, तुमचा निर्णय फार धीराचा आहे." मी दात आवळून आभार मानले. थोरलीला वृद्धांच्या घरात ठेवतील, दोघी एका मठात, तिघी दुसऱ्या. तिघींत मी. म्हणजे मला जागा मिळाली, तुझ्या खोलीचा प्रश्न सुटला. तुझ्या त्या अटीत मी तसंही बसत नव्हते.

तुझ्याकडे चार दिवस येऊन मग पुढे जाईन म्हटलं असतं, पण ते तुला चालणार नाही. राहिलं.

ताई


७ ऑक्टोबर

धाकटे,

हे पत्र नीट बसून वाच, आणि हसलीस तर मला कळवू नकोस.

दर शुक्रवारी आम्ही सभेच्या खोलीत एकत्र बसतो आणि एकेक जण मध्ये येऊन गुडघे टेकून आठवड्यातली आपली चूक सगळ्यांसमोर सांगते. कप फोडला, मौन मोडलं, प्रार्थनेत डुलकी लागली, असलं. बाकीच्यांनी त्यावर काही बोलायचं नसतं. सर्वांत लहान असते तिची पाळी आधी. म्हणजे माफीबाई. तिची पाळी संपेपर्यंत बाकीच्यांना खरोखर डुलकी लागते, कारण आठवडाभर माफी मागूनही तिच्याकडे शुक्रवारसाठी पुष्कळ शिल्लक असतं.

काल ती म्हणाली, "मी दार जोरात लावलं. मी पाण्याचा पेला थोरल्या सिस्टरच्या आधी घेतला. आणि मी दाणा खोटा टाकला."

माझी झोप उडाली.

"मला जायचं नाहीये," ती म्हणाली, "पण मला वाटलं, सगळ्यांना जायचंय, माझ्या एका दाण्यापायी कोणाला अडकून पडावं लागायला नको. मी पांढरा टाकला. मी खोटं बोलले. माफ करा."

ती उठली. सूरवालीची पाळी. ती मध्ये येऊन गुडघे टेकून नुसतीच बसली, मग म्हणाली, "माझंही तेच," आणि उठून गेली. अडतीस वर्षांत तिने पहिल्यांदा खालच्या पट्टीत काही म्हटलं. बागवाली जागेवरूनच रडायला लागली. तिचाही तोच प्रकार. सूरवालीला दुसऱ्या मठात चांगली बाजाची पेटी वाजवायला मिळेल म्हणून तिने पांढरा टाकला होता. मग भट्टीवाली. तिने गुडघे टेकले, कण्हली, आणि कबुलीऐवजी आमच्यावरच उखडली.

"माझी पाठ दुखते असं मी कोणाला सांगितलं होतं? माझ्या पाठीसाठी घर बंद करा, असं मी म्हटलं होतं? मी थोरलीसाठी टाकला पांढरा. तिला औषधपाणी वेळेवर मिळावं म्हणून."

मग थोरली. तिला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. सूरवालीने तिच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. थोरलीने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं आणि म्हणाली, "मला मेलीला इथेच मरायचं होतं. पण म्हटलं, पोरींना कशाला डांबून ठेवायचं."

पोरी म्हणजे आम्ही. मी चौसष्टची आहे.

मी शेवटी. मीही गुडघे टेकले आणि सांगितलं की माझाही दाणा दुसऱ्यांसाठीच होता, मनाविरुद्ध. आणि मग माझा तोल सुटला. वरिष्ठ या नात्याने मी काय बोलायला हवं होतं ते मला माहीत आहे, त्यातलं मी काहीच बोलले नाही. मी म्हटलं, "सहा जणी. सहाही जणींना राहायचंय, आणि सहाही जणींनी मिळून घर बंद केलं. तोंडं काय शिवली होती सगळ्यांची?" माफीबाई म्हणाली, "आधी तीन दिवस बोलायचं नसतं ना, मदर." आणि ते खरंच होतं. मी कपाळाला हात लावला.

सचिवांना फोन करायला माझी बोटं धजेनात.

"फादर, आमचं जरा चुकलं."

"काय चुकलं, मदर?"

"मठ बंद करायचा नाहीये."

"पण सहाच्या सहा मतं बंद करण्याची होती."

"हो. ती चुकून पडली."

"सहाही?"

"एकमेकींच्या भल्यासाठी पडली."

"मदर, मी इतरांना काय सांगू?"

"आमच्यात प्रेम फार आहे, असं सांगा," मी म्हटलं. मला त्या शब्दाची इतकी चीड कधी आली नव्हती. त्यांनी पुन्हा मतदान घ्यायला सांगितलं आहे, आणि या खेपेस जे होईल ते कायम. त्यांच्या आवाजातला गोडवा थोडा कमी झाला होता, त्याने मला बरं वाटलं.

ताई


१२ ऑक्टोबर

धाकटे,

तुझी चिठ्ठी मिळाली. "हसले. खूप." एवढंच. ठीक आहे.

परवा पुन्हा दाणे टाकले. मी आधीच बजावलं होतं. आज्ञापालनाचं व्रत आपण सगळ्यांनी घेतलं आहे, तेव्हा ही माझी आज्ञा समजा. या वेळी दुसऱ्या कोणाचाही विचार करायचा नाही. थोरलीचा नाही, पाठीचा नाही, बाजाच्या पेटीचा नाही. प्रश्नही मी बदलला. मठाचं काय करायचं ते राहू दे. मला स्वतःला इथे राहायचं आहे का? पांढरा म्हणजे हो, काळा म्हणजे नाही. माफीबाईने विचारलं, "स्वतःचा विचार केला तर ते पाप नाही ना?" मी म्हटलं, "आज नाही केला तर पाप."

पाच पांढरे निघाले आणि एक काळा.

पाच जणी राहणार म्हणजे मठ राहणार. सचिवांना मी तसं कळवलं. त्यांनी एकदाच "नक्की?" म्हणून विचारलं. मागच्या बाजूला कुलूप लागेल, दमट खोली पुढे आणावी लागेल, पण घर उभं राहील. आम्ही आनंद करायला हवा होता.

त्याऐवजी काय झालं ते ऐक. संध्याकाळी बागवाली माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मदर, तो काळा सूरवालीचा आहे. तिला जाऊ द्या, तिच्यावर रागावू नका." ती जाते न जाते तोच सूरवाली आली. तिच्या मते भट्टीवाली. भट्टीवालीच्या मते माफीबाई, "कोवळं वय आहे, तिला जग बघायचं असेल." माफीबाईने तर काळा दाणा आपलाच असं सांगितलं. मी विचारलं, "खरंच?" तर म्हणाली, "नाही, पण कोणाचा आहे तिला कबूल करायला जड जाईल, म्हणून मीच घेते." मी तिला हाकलून दिलं. थोरलीने आज सकाळी पायाला तेल लावताना माझ्या हातावर हात ठेवला आणि तिला कुजबूज वाटत असलेल्या, म्हणजे बागेपर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाली, "कोबीवालीवर लक्ष ठेव."

दोन दिवस झाले, सगळ्या सगळ्यांशी इतक्या प्रेमाने वागताहेत की मला खोलीत दार लावून बसावं लागतं. भट्टीवालीने सूरवालीची चादर धुतली. सूरवालीने भट्टीवालीचा पत्रा घासला. निरोपाची तयारी चालली आहे, फक्त कोणाला निरोप द्यायचा ते ठरत नाही.

माझ्याकडे मात्र एकीनेही पाहिलं नाही.

ताई


१६ ऑक्टोबर

धाकटे,

तो काळा दाणा माझा होता.

मागच्या पत्रात मी ते लिहिलं नाही. लिहायला घेतलं होतं, पण आधी इथे सांगायला हवं होतं असं मला वाटलं. किंवा धीर झाला नाही. दोन्ही.

तुझ्याशी खोटं बोलत नाही, मला आधी खरंच माहीत नव्हतं. पहिल्या वेळी मी पांढरा टाकला तो या बायकांसाठीच टाकला, अशी माझी खात्री होती. शुक्रवारी गुडघे टेकून मी तसं शपथेवर सांगितलं. मग माझीच आज्ञा ऐकून मी टेबलापाशी गेले, पाठ केली, दोन्ही वाट्यांत हात घातला. कोणाचाही विचार करायचा नव्हता. थोरलीला बाजूला काढलं, भट्टीवालीला काढलं, एकेक करून सगळ्यांना काढलं. मग माझ्यात राहिलं काय तर तू. तुझ्याशी भांडायचं राहिलं आहे, एवढंच. हात काळ्या दाण्यावर मिटला आणि मी तो पेटीत टाकला, आणि त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. म्हणजे पहिल्या खेपेला सहा जणींत एकटीच मी खरं बोलले होते आणि ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

देवाशी माझं काही बिनसलेलं नाही. बिनसलं असतं तर इतका त्रास झाला नसता.

मग शुक्रवार आला. माफीबाईने सुरुवात केली, मग सूरवाली, बागवाली. सगळ्यांच्या कबुलीत तेच, मी अमकीवर संशय घेतला, मी तमकीवर घेतला. भट्टीवाली म्हणाली, "जिला जायचंय तिने सरळ सांगावं, आम्ही काय तिला खाणार आहोत?" मग माझी पाळी आली. मी मध्ये जाऊन गुडघे टेकले. तयारी केली होती, चार चांगली वाक्यं जुळवली होती. ती सगळी गेली. मी एवढंच म्हटलं, "तो काळा दाणा माझा आहे."

थोरली म्हणाली, "काय म्हणाली?"

सूरवालीने तोंड उघडलं आणि मिटलं. तिला ते ओरडून सांगवेना. बागवाली जमिनीकडे बघत होती. थोरलीने पुन्हा विचारलं, "अगं, काय म्हणाली ती?" शेवटी मीच गुडघ्यांवर सरकत तिच्यापर्यंत गेले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, "मला जायचंय. मला. माझ्या बहिणीकडे जायचंय."

इतक्या मोठ्याने मी आयुष्यात काही मागितलं नव्हतं. स्वयंपाकघरातली मांजरसुद्धा पळाली.

थोरलीने माझ्याकडे नीट पाहिलं. "मग जा की," ती म्हणाली. "इतकी वर्षं काय झोपली होतीस?"

सगळं गोड झालं असं समजू नकोस. माफीबाईने माफी मागितली नाही, यावरून तुला काय ते कळेल. भट्टीवाली उठून उभी राहिली, पाठीला हात लावून. "आम्ही राहायचं ठरवलं ते तुम्ही आहात म्हणून," ती म्हणाली. "आणि आता तुम्ही निघालात." मी म्हटलं, "मी त्या दिवशी सांगितलं होतं, दुसऱ्या कोणाचाही विचार करू नका." ती म्हणाली, "तुमचा विचार करणं म्हणजे दुसऱ्याचा विचार, असं मला वाटलं नव्हतं." तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, आणि आज सकाळी मी भट्टीच्या खोलीत गेले तर तिने वरचा पत्रा माझ्या हातात दिला नाही, स्वतःच दाबला. तिचा राग मला सोबत घेऊन यावा लागेल. तो उतरेल असं मी धरून चालत नाही.

सचिवांना सांगितलं तेव्हा त्यांनी मोठा श्वास घेतला. वर्षभर मठाबाहेर राहायची परवानगी मिळते, तिचा अर्ज त्यांनी पुढे पाठवला आहे, ती मिळेल म्हणाले. वर्षानंतर काय ते तेव्हा बघू. नवी वरिष्ठ निवडायची आहे. दाणे न वापरता निवडा, असं त्यांनी हात जोडून सांगितलं आहे.

आता तुझ्या अटीचं. इथे मला जागा आहे. माझी खोली पुढच्या बाजूची आहे, ती कुलपात जाणार नाही. टेबलाशी माझी खुर्ची आहे. बागेच्या टोकाला थोरलीच्या शेजारची कबरीची जागासुद्धा माझ्यासाठी राखलेली आहे. इथून मला कोणी काढलेलं नाही, उलट एक जण मी जाते म्हणून तोंड फिरवून बसली आहे.

महिनाअखेरच्या शनिवारी, दुपारच्या गाडीने येते. मला घ्यायला ये. सवड असेल तर, जमलं तर, तुला त्रास होणार नसेल तर, यातलं मी काहीही लिहीत नाही. मला तू यायला हवी आहेस. ये.

ताई